ओसायने तोललेली चाकं

ओसायच्या घरी मी नांदायला आलो तेव्हा माझ्याबरोबर एक मासे मारायचा भाला होता, दोन विजारी होत्या आणि वाळवलेल्या उडत्या माशांची एक जुडी. तिच्या आईने मासे आत नेले, भाला दाराबाहेर टेकवायला लावला आणि मला म्हणाली, "समुद्रावरचा माणूस. म्हणजे अर्धा वेळ घरात नसणार. ते एक बरं आहे."

आमच्याकडे घर मुलीचं. आईकडून लेकीकडे जातं. जावई येतो, राबतो, आणि नीट वागला तर म्हातारपणी चुलीजवळची जागा मिळते. मला त्यात कधी कमीपणा वाटला नाही. तैवानच्या पूर्वेला, तायतुंगच्या या किनाऱ्यावर एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मधे पट्टीएवढी जमीन. त्या पट्टीवर भातखाचरं, एक मोठा रस्ता आणि आम्ही. एवढ्याशा जागेत कोण कोणाच्या घरी राहतो याचा अभिमान काय बाळगायचा? पण मी कोणाचा नवरा आहे याचा मात्र मला अभिमान आहे, आणि तोच सांगायला बसलोय.

ओसाय लहानपणी उत्तरेला गेली होती, पंख्यांच्या कारखान्यात. तेव्हा आमच्या सगळ्याच पोरी जायच्या. कोणी शर्ट शिवायला, कोणी रेडिओ जुळवायला. हिच्या वाट्याला पंख्यांची पाती आली. पातं फिरवून बघायचं. थरथरलं की कुठली बाजू जड आहे ते शोधायचं आणि समोरच्या पात्याला पत्र्याची चिमटीएवढी कडी लावायची. दिवसभर हेच. बाकीच्या पोरी या कामाला कंटाळायच्या, हिला ते आवडलं. मला एकदा म्हणाली, "थरथरणारा पंखा झोपलेल्या माणसाला ऐकू येत नाही रे. पण तो सकाळी उठतो तेव्हा दमलेला असतो, आणि का दमलो ते त्याला कळत नाही. त्याची ती दमणूक मी आधीच काढून टाकते."

आई थकली तशी ती परत आली. थोरली मुलगी ती, घर तिचंच. रस्त्याला लागून घर, दारात फणसासारखं फळ देणारं मोठं झाड. झाडाखाली तिने पंक्चर काढायचं दुकान टाकलं. गाव हसलं. तिच्या आईचे भाऊ, ऊनाक मामा, सगळ्यात जास्त हसले. आमच्यात आईच्या भावाचा शब्द मोठा. लग्न असो, भांडण असो, मामा बोलल्याशिवाय पान हलत नाही. ते म्हणाले, "बायकांनी टायर काढायचे आणि पुरुषांनी काय भात कांडायचा?"

"कांडा की," ओसाय म्हणाली. "मुसळ कोपऱ्यात आहे."

मामा त्या दिवशी न जेवता गेले. दुसऱ्या दिवशी स्वतःच्या स्कूटरचं पंक्चर घेऊन आले.

नुसती पंक्चरं काढून तिचं नाव झालं नसतं. नाव झालं ते रेकालच्या हातांमुळे. रेकाल माझा जोडीदार. आम्ही दोघं एकाच वर्षी गावाच्या तरुण गटात घेतले गेलो, एकत्र मार खाल्ला, एकत्र लाकडं वाहिली. पुढे मी बोटीवर गेलो, तो काओशुंग शहरात, पोलादाच्या कारखान्यात. तिथे त्याने एक मोठी लाल मोटरसायकल घेतली आणि सुगीच्या सणाला ती दामटत गावी आला. आला तो ओसायच्या दुकानासमोर थांबला आणि दोन्ही हात झटकत बसला.

"मुंग्या येतात," तो म्हणाला. "चहाचा पेला धरवत नाही. डॉक्टर म्हणतो मानेची शीर आहे. बायको म्हणते दारू आहे."

"कुठल्या वेगाला येतात?" ओसायने विचारलं.

"मुंग्यांना वेग असतो होय?"

"सांग ना. सावकाश चालवतोस तेव्हा येतात?"

रेकालने विचार केला. "नाही. ऐंशीच्या पुढे गेलो की हँडल बारीक थरथरायला लागतं. फार पुढे गेलो की थांबतं."

"मग तू जड नाहीस, चाक जड आहे. उतर."

तिने पुढचं चाक सोडवलं. जुन्या बोटीची दोन बेअरिंगं मी तिला आणून दिली होती. त्यांचा तिने घोडा केला होता, असा की चाकाचा आस त्यावर ठेवला तर चाक फुंकरीनेही फिरावं. चाक ठेवलं, हलकेच फिरवलं आणि हात मागे घेतला. चाक फिरलं, डुललं, मागेपुढे झालं आणि एका जागी थांबलं. पुन्हा फिरवलं. पुन्हा तीच बाजू खाली.

"ही बघ जड बाजू. दर फेऱ्याला ही तुझ्या हातांवर हातोडी मारते."

मग तिने वरच्या बाजूला खडूची रेघ ओढली, आत गेली आणि चिकट भाताचा गोळा घेऊन आली. सकाळी आम्ही तोच खाल्ला होता. चिमूटभर भात तोडून तिने रेघेवर, रिमला थापला. चाक फिरवलं. अजून थोडा लावला. परत फिरवलं.

"लाहोक," रेकाल मला म्हणाला, "तुझी बायको माझ्या चाकाला जेवू घालतेय."

"तुझ्या चाकाला निदान किती खायचं ते कळतं," ओसाय मान वर न करता म्हणाली.

भात कमीजास्त करत करत अशी वेळ आली की चाक कुठेही ठेवलं तरी तिथेच राहायला लागलं. रेघ वर ठेवा, खाली ठेवा, आडवी ठेवा, चाक हलेना. तेव्हा तिने तो भात खरवडला आणि जडीबुटीच्या दुकानातून मिळालेल्या जुन्या छोट्या काट्यावर ठेवला. दुसऱ्या पारड्यात शिशाचे बारके तुकडे. काटा मधे आला तेवढंच शिसं घेतलं, त्याचे दोन भाग केले, रिम घासूनपुसून कोरडी केली आणि एक भाग रेघेच्या डाव्या बाजूला, एक उजव्या बाजूला चिकटवला. भात कुत्र्याने खाल्ला.

रेकाल समुद्रालगतच्या सरळ रस्त्यावर जाऊन आला. हेल्मेट काढलं तेव्हा त्याचा चेहरा गंभीर होता. म्हणाला, "चहा द्या इकडे." भरलेला पेला त्याने एका हाताने धरला आणि सगळ्यांना दाखवत प्यायला.

तिथून सुरुवात झाली. गावची निम्मी पुरुषमंडळी शहरात. कोणी इमारती बांधतं, कोणी ट्रक चालवतं. सणाला सगळे मोटरसायकलींवर घरी येतात. येताना टायर झिजवून येतात आणि जाताना ओसायकडून बदलून जातात. नव्या टायरवर हलकी बाजू दाखवणारा पिवळा ठिपका असतो, तो हवा भरायच्या नळीसमोर आणायचा, हे तर कोणीही करतं. पण ओसायचा एक हट्ट होता. खूप वजन लागतंय असं दिसलं की ती ते लावायचीच नाही. टायर उतरवायची, रिमवर थोडा फिरवायची, पुन्हा चढवायची. मी एकदा म्हटलं, "लाव ना चार पट्ट्या जास्त. कोण बघतंय?"

"वजन लावून चूक झाकायची नसते रे. आधी चूक कमी करायची. उरेल तेवढ्यालाच वजन."

हे तिने सगळ्याच बाबतीत पाळलं. म्हणून पुढचं घडलं.

एका वर्षी मोठ्या पावसानंतर ती पुलाजवळच्या गटारातून चपट्या झालेल्या शिशाच्या पट्ट्या वेचून आली. तिच्या नव्हत्या, ट्रकच्या, मोटारींच्या. ओंजळभर होत्या. त्या माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "हे गटारातून ओढ्यात जातं. ओढ्यातून समुद्रात. तिथे तू मासे मारतोस आणि आपण खातो. मी आता शिसं लावणार नाही."

"जगात एवढं शिसं आहे, तुझ्या चिमटीभराने काय होणार?"

"जगाचं जग बघेल. माझी चिमूट माझी आहे."

तिने लोखंडाच्या पट्ट्या मागवल्या. रंगाचा मुलामा दिलेल्या, मागे चिकट कागद. शिशासारख्या मऊ नव्हत्या, पण वजनाला बरोबर. वर्षभर तिने त्याच लावल्या.

पुढच्या सणाला रेकाल घरी पोचलाच नाही. गावाच्या अलीकडे, समुद्रालगतच्या त्याच सरळ रस्त्यावर त्याची गाडी थरथरायला लागली. तो घाबरून कडेला घ्यायला गेला, कडेच्या वाळूवर चाक घसरलं आणि तो गवतात फेकला गेला. गळ्याखालचं हाड मोडलं. बाकी वाचला. आम्ही त्याला आणायला गेलो तेव्हा दवाखान्यात तो स्वतःलाच शिव्या देत होता. "शंभरवर होतो. वाळू दिसली नाही. म्हातारा झालो रे लाहोक."

सगळ्यांनी मानलं. वेग, वाळू आणि वय. त्याची गाडी आम्ही टेम्पोतून ओसायच्या दारात आणून टाकली.

ओसायने चाकाला हात लावला आणि ते हळूहळू पूर्ण फिरवून बघितलं. मग मला हाक मारली. रिमवर दोन पट्ट्यांच्या जागा होत्या. डाव्या बाजूला पट्टी होती. उजव्या बाजूला पट्टीच्या आकाराचा एक स्वच्छ डाग होता, कडेने गंजाची तांबूस रेघ. पट्टी नव्हती.

"पडताना निघाली असेल," मी म्हणालो.

"पडताना घासून निघाली असती तर खरचटलं असतं. ही आधी निघालीय." तिने उरलेल्या पट्टीच्या टोकाखाली नख घातलं. टोक वर आलं. "बघ. पट्टी ताठ आहे, रिम गोल आहे. मी दाबून बसवली तेव्हा बसली. पण टोकं वर यायला बघतातच. त्या फटीत खारा वारा गेला, गंज चढला, चिकटा सुटला. हे मला आधी दिसायला हवं होतं."

"पट्ट्या बनवणाऱ्याची चूक."

"त्याने मोटारीसाठी बनवल्या असतील. मोटरसायकलच्या या अरुंद रिमवर कोणी लावल्या?"

झाडाखाली बसून आम्ही दोघं रस्त्याकडे बघत होतो. सणासाठी पोरं घरी येत होती. एकामागून एक मोटरसायकली. प्रत्येक जण तिला बघून हॉर्न वाजवायचा आणि ती हात करायची. त्यातल्या बहुतेकांच्या चाकांवर तिने वर्षभरात हात फिरवला होता. सण संपला की हे सगळे याच रस्त्याने, याच वेगाने परत जाणार होते.

ती उठली आणि ऊनाक मामांकडे गेली. मी मागून गेलो.

मामा अंगणात सुपारीला चुना लावत बसले होते. नाचाच्या मैदानावर वडीलधाऱ्यांच्या ओळीत त्यांची जागा पुढची. ओसायने सगळं सांगितलं आणि म्हणाली, "मामा, उद्या सगळे मैदानात जमले की तुम्ही सांगा. सगळ्यांनी गाड्या माझ्याकडे आणायच्या. तपासल्याशिवाय कोणी गाव सोडायचं नाही."

मामांचा हात थांबला. "म्हणजे मी सगळ्या गावासमोर उभं राहून सांगू की माझ्या भाचीने रेकालला पाडलं?"

"हो."

"रेकाल स्वतः म्हणतोय वाळू होती!"

"त्याला माहीत नाही म्हणून म्हणतोय."

"मग कशाला सांगतेस त्याला? एकेकाला हळूच बोलाव. म्हण, सणानिमित्त फुकट तपासणी. घराण्याचं नाव आहे, ओसाय. तुझ्या आईचं घर आहे ते."

"फुकट तपासणीला निम्मे येतील. निम्मे दारू पिऊन झोपतील. ज्याला भीती वाटेल तोच नक्की येईल, मामा. म्हणून खरंच सांगायला पाहिजे."

मामा माझ्याकडे वळले. "तू नवरा ना? सांग काहीतरी हिला."

"मी जावई," मी म्हणालो. "माझं या घरात कोण ऐकतं?"

त्यांनी मला जाळून टाकील अशा नजरेने बघितलं, सुपारी तोंडात टाकली आणि घरात निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर मैदान भरलं. पुरुषांचं रिंगण, लाल कपडे, पिसांच्या टोप्या, पायातल्या घुंगरांचा एकच आवाज. एक नाच संपला, पोरं दम खात उभी राहिली, तेव्हा मामा उठले. मला वाटलं नव्हतं उठतील. घसा खाकरला आणि बोलायला लागले. आधी पूर्वजांचं नाव घेतलं. मग पाऊस बरा झाला हे सांगितलं. मग आपल्या बहिणीचं घर किती जुनं, तिची लेक किती कष्टाळू, तिने किती जणांची चाकं नीट केली. बोलतायत, बोलतायत. मुद्द्याजवळ आले की पुन्हा पावसाकडे वळायचे.

रिंगणाबाहेर, बायकांमध्ये ओसाय उभी होती. तिथून ती ओरडली, "मामा, आडवळणाने नको!"

सगळ्या माना वळल्या. बाईने मैदानात असं मधे बोलायची रीत नाही. मामांनी हात पुढे केला, तिला जवळ बोलावलं आणि खाली बसले.

ओसाय रिंगणाच्या कडेशी आली. हातात रेकालच्या चाकाची उरलेली पट्टी होती. "रेकाल वाळूमुळे पडला नाही," ती म्हणाली. "त्याच्या चाकाची पट्टी निघाली म्हणून गाडी थरथरली, आणि थरथरली म्हणून तो वाळूवर गेला. पट्टी मी लावली होती. गेल्या सणापासून ज्यांची ज्यांची चाकं मी केलीत, त्या सगळ्यांना मी याच पट्ट्या लावल्यात. त्या सुटू शकतात. उद्या सकाळपासून मी एकेक चाक उतरवून नव्याने करणार आहे. माझ्या हाताखालून गेल्याशिवाय कोणी मोठ्या रस्त्याला लागू नका. लहान पोरं मागे बसवत असाल तर आत्ताच गाडी लावून टाका."

मग एका बाजूने रेकालचा आवाज आला. हात गळ्यात बांधलेला, तरी तो सणाला आला होता. "म्हणजे दोन दिवस मी स्वतःला शिव्या घालतोय," तो म्हणाला, "आणि मला पाडलं तू?"

"हो, मी."

"मी लोकांना सांगत फिरतो की माझ्या चाकाला फक्त ओसाय हात लावते!" त्याचा आवाज चिरकला. तो पाठ फिरवून मैदानातून निघून गेला. त्याची बायको मागे धावली. मी जायला उठलो, तर ओसायने मला डोळ्याने थांबवलं.

त्या संध्याकाळी घरी कोणी फारसं जेवलं नाही. ओसाय मात्र जेवली आणि मला कामाला लावलं. "शिसं परत आण," मी म्हणालो, "मऊ असतं, वाकतं."

"शिसं नाही. लोखंडच. पण लांब पट्टी लावायची नाही. एकेक तुकडा सुटा करायचा आणि रिमच्या गोलाईएवढ्या नळावर ठेवून आधी वाकवायचा. मग चिकटवायचा. वरून पातळ ॲल्युमिनियमची चिकटपट्टी, कडा दाबून, म्हणजे खारं पाणी आत जायला नको आणि सुटलाच तर तुकडा पट्टीखाली अडकून राहील. वाकवायचं काम तुझं. भाला सरळ करणारा हात आहे तुझा, वाकडं करायला काय जड?"

सकाळी दार उघडलं तर झाडाखाली रेकाल बसला होता. शेजारी त्याची लाल मोटरसायकल, हँडल वाकडं, आरसा फुटलेला.

"माझं चाक पहिलं," तो म्हणाला. "आणि मी इथेच बसून बघणार. एकेक तुकडा."

"बघ," ओसाय म्हणाली. "तिथे ऊन येतं, इकडे सरक."

त्याच्यामागे रस्त्यावर मोटरसायकली उभ्या होत्या. आमच्या दारापासून चर्चच्या कोपऱ्यापर्यंत, आणि कोपऱ्याच्या पलीकडेही. सणाचे लाल कपडे घातलेली पोरं गाड्यांना टेकून उभी. कोणी चिडलेलं, कोणी नुसतं उत्सुक. तरुण गटाच्या पुढाऱ्याने चाकं सोडवायला माणसं लावली. रेकालच्या बायकोने चिकट भात आणि खारवलेलं डुकराचं मांस आणलं. भाताचा अर्धा गोळा चाकांसाठी, अर्धा माणसांसाठी. मी नळावर लोखंड वाकवत होतो. ओसाय प्रत्येक चाक स्वतः घोड्यावर ठेवत होती, स्वतः थांबवत होती. तुकडा चिकटवल्यावर अंगठ्याने दाबायची, मग नखाने उचकटून बघायची. नख आत गेलं तर पुन्हा पहिल्यापासून.

रेकाल टोमणे मारायला तिथे होताच. "ओसाय, हे चाक डावीकडे बघतंय. तुझ्यावर रुसलंय." "ओसाय, लाहोकला हाकल, तो लोखंडाला मासा समजून वाकवतोय." पहिल्या दिवशी त्याच्या बोलण्यात धार होती. दुसऱ्या दिवशी ती धार गेली आणि नुसती सवय उरली.

मग एका तरुणाची गाडी आली. शहरात ट्रक भरायचं काम करतो, बायको आणि दीड वर्षाची मुलगी घेऊन आला होता. मुलगी पुढे टाकीवर बसवून. मैदानात सांगितलेलं त्याने मनावर घेतलं नव्हतं. त्याची आजी त्याला हाताला धरून घेऊन आली होती. "मला घाई आहे," तो म्हणाला. "माझी गाडी कुठे थरथरते? मस्त आहे." ओसायने चाकाला नुसता हात लावला. पट्टी आपणहून तिच्या तळहातात आली. जशी झाडावरून पिकलेली सुपारी यावी तशी.

तिने मूठ मिटली. मामा रस्त्याच्या कडेला उभे होते; रोज यायचे, पण लांब उभे राहायचे, जणू रस्त्यावरची गंमत बघायला आलेत. ओसायने त्यांच्यासमोर जाऊन मूठ उघडली. मामांनी त्या पट्टीकडे बघितलं, मग टाकीवरच्या पोरीकडे. पोरगी सणाची टोपी चावत होती. मामांनी पट्टी उचलली, त्या तरुणाजवळ गेले आणि त्याच्या हातात ठेवली.

"ही तुझ्या पुढच्या चाकातली," ते म्हणाले. "माझ्या भाचीने काढली. आता तिला तिचं काम करू दे आणि तू गप्प बसून भात खा."

पुढे सगळा वेळ मामा ओळ लावायला उभे राहिले. कोणी मधे घुसायला बघितलं की काठी आडवी घालायचे.

सणाच्या शेवटच्या दिवशी नव्या पोरांचा गट मोठ्यांमध्ये घेतला जातो. दर काही वर्षांनी होतं हे, आणि त्या गटाला नाव मिळतं, गावात त्या काळात जे घडलं त्यावरून. गावात वीज आली त्या वर्षीचा गट म्हणजे वीजवाले. आम्ही पूल बांधला गेला त्या वर्षीचे, म्हणून पूलवाले. ते नाव माणूस मरेपर्यंत वागवतो. त्या वर्षी पोरांनी आधीच ठरवून ठेवलं होतं की आपल्याला काहीतरी भारी मिळणार. कोणी म्हणत होतं उपग्रह, कोणी म्हणत होतं वेगवान आगगाडी.

वडीलधारे बराच वेळ डोकी जुळवून बसले. मामा त्यांच्यात होते, पण ओसाय त्यांच्या घरची, म्हणून ते बोलले नाहीत. सुपारी चघळत आभाळाकडे बघत राहिले. मग गावचा प्रमुख उठला. म्हणाला, "या वर्षी एका बाईने सगळ्यांसमोर आपली चूक सांगितली आणि सगळ्यांची चाकं सारखी केली. या पोरांचं नाव तोलवाले."

पोरांचे चेहरे पडले. रिंगणाबाहेर बायकांमध्ये हशा पिकला. एक पोरगा हळूच म्हणाला, "चाकाच्या वजनावरून नाव? पोरी काय म्हणतील?"

"म्हणतील की हे पडायचे नाहीत," रेकाल ओरडला. मोडलेल्या हाडाची पर्वा न करता त्याने दोन्ही हात वर केले आणि कळ येऊन मटकन खाली बसला. त्याबरोबर सगळं मैदान हसलं.

ओसाय तेव्हा तिथे नव्हती. ती दुकानात शेवटची काही चाकं करत होती. मी धावत जाऊन सांगितलं. धाप लागली होती, नीट बोलता येईना. तिने हातातलं चाक थांबवलं. विचारलं, "कोणी सुचवलं? मामांनी?"

"मामा एक अक्षर बोलले नाहीत."

ती चाकाकडे तोंड करून बसली. खांदे हलत होते. मी जवळ गेलो नाही. आम्हा दोघांमध्ये चाक होतं, आणि ते जिथे ठेवलं होतं तिथेच स्थिर होतं.

आता तोलवाले मोठे झाले. त्यातल्या दोघांनी शहरात स्वतःची टायरची दुकानं टाकली आहेत, आणि तिथेही ओसायच्याच पद्धतीने, सुटे तुकडे, आधी वाकवून, वरून चिकटपट्टी. लोक उत्तरेहून येतात, टायर बदलून घ्यायला नुसतं नव्हे, तर तिला चाक थांबवताना बघायला. मी समुद्र सोडला. माझ्यापेक्षा तरुण माणसं आता बोटीच्या टोकावर भाला घेऊन उभी राहतात. मी झाडाखाली बसून लोखंड वाकवतो आणि अजूनही माझे निम्मे तुकडे ती परत करते.

ऊनाक मामा गेले. शेवटच्या वर्षी त्यांना स्कूटर चालवता येत नव्हती, तरी दर महिन्याला ती ढकलत आणायचे आणि म्हणायचे, "चाक बघ गं एकदा."

रेकाल निवृत्त झाला, पण शहरातच राहतो, नातवंडांपाशी. सणाला मात्र लाल मोटरसायकलवरच येतो. या वर्षी जाताना दारात थांबला, दोन्ही हात हँडलवरून उचलून दाखवले आणि ओसायने "हात खाली घे, गाढवा!" म्हणेपर्यंत खाली घेतले नाहीत. मग निघाला. ती रस्त्याच्या कडेला जाऊन कान देऊन उभी राहिली. गाडी सरळ रस्त्याला लागली, वेग वाढला, आवाज पुलापर्यंत गेला.

"चाक कसं आहे?" मी विचारलं.

"चाक छान आहे," ती म्हणाली. "साखळी सैल सोडलीय मूर्खाने. फोन लाव त्याला, पुढच्या गावात थांबव."